केस काळे करणारं चिनी मूळ : ‘हे शौ वू’ घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ५८ वर्षांच्या आहेत, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची (अॅटोर्वास्टॅटिन) गोळी घेतात. २९ वर्षांचा मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे, त्याचे केस पंचविशीपासूनच पांढरे व्हायला लागले. तिथल्या एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून तो गेले दोन महिने ‘हे शौ वू’च्या कॅप्सूल घेतोय. ‘केस काळे होतात, ताकद येते, कोलेस्टेरॉलही उतरतं’ असं म्हणत त्यानं सुट्टीत येताना आईसाठीही दोन बाटल्या आणल्या. ताईंनी विचारलंय, ‘झाडपाल्याचंच औषध आहे, घ्यायला हरकत नाही ना?’

ताई, हरकत आहे. तुम्ही बाटली उघडू नका, आणि मुलाला आजच फोन करून कॅप्सूल थांबवायला सांगा. त्याची एक रक्ततपासणीही लागेल, ती शेवटी सांगतो. मी बावीस वर्षं पुण्यात यकृताचे रुग्ण पाहतोय. वनस्पतींशी माझं वैर नाही, माझ्या घरी माक्याचं तेल आजही कढतं. पण या एका मुळाच्या बाबतीत माझं मत बरंच ठाम आहे.

आधी हे मूळ काय आहे ते पाहू. नावातलं ‘हे’ म्हणजे आपलं ‘हे’ नव्हे, ते आडनाव आहे. शौ म्हणजे डोकं, वू म्हणजे काळं, कावळ्यासारखं काळं. म्हणजे ‘काळ्या डोक्याचे हे’. तांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) ली आओ नावाच्या लेखकानं याची गोष्ट लिहून ठेवली आहे. हे घराण्यातला एक अशक्त, बिनलग्नाचा माणूस ५८ वर्षांचा झाला होता. एका रात्री दारू पिऊन तो रानात पडला होता, तेव्हा त्याला दोन वेली दिसल्या. वेगवेगळ्या उगवलेल्या त्या वेली अंधारात एकमेकींना विळखे घालत होत्या, सुटत होत्या, पुन्हा गुंफत होत्या. त्यानं मूळ खणून नेलं, कुटून रोज घेतलं. अंगात बळ आलं, लग्न झालं, मुलं झाली. नातवाचं नाव शौ वू. तो म्हणे १३० वर्षं जगला आणि तरी केस काळेच. तुमचं आणि त्या गोष्टीतल्या माणसाचं वय एकच निघालं, हा निव्वळ योगायोग.

या वेलीच्या खोडाला चिनीत ‘रात्री गुंफणारी वेल’ असंच म्हणतात आणि ते झोपेसाठी वेगळं वापरतात. पुढे मिंग काळात जियाजिंग बादशहाला वारस होत नव्हता. तेव्हा एका ताओपंथी साधूनं त्याला हे मूळ मुख्य असलेली ‘सात रत्नांची, दाढी सुंदर करणारी’ गोळी भेट दिली आणि बादशहाला पाठोपाठ मुलं झाली, असं ली शिजेन या वैद्यानं आपल्या सोळाव्या शतकातल्या मोठ्या ग्रंथात नोंदवलं आहे. त्यानंतर या मुळाची कीर्ती घरोघर झाली. हाच बादशहा अमर होण्यासाठी पाऱ्याचे अर्कही घ्यायचा, हे मात्र बाटलीसोबतच्या पत्रकात कुणी छापत नाही.

वनस्पतिशास्त्रात याला पॉलिगोनम मल्टिफ्लोरम म्हणत, आता नाव बदललंय. अमेरिकेत ‘फो-ती’ या नावानं विकतात. आपल्या रेवंदचिनीच्याच कुळातली ही वेल. पोट साफ करणारी अँथ्राक्विनोन नावाची रसायनं रेवंदचिनीत आहेत, सोनामुखीत आहेत, आणि या मुळातही आहेत. त्यातलं इमोडिन तुम्हाला इंटरनेटवर सगळीकडे दिसेल.

कच्चं मूळ आणि संस्कार केलेलं मूळ ही चिनी वैद्यकात दोन वेगळी औषधं आहेत. कच्चं मूळ पोट साफ करायला, फोडांना, सुजेला. केस, कंबर, गुडघे, वीर्य, ताकद यांसाठी जे देतात ते संस्कारित. तो संस्कार म्हणजे काळ्या सोयाबीनच्या काढ्यात मूळ भिजवून तासन् तास वाफवायचं, वाळवायचं, पुन्हा वाफवायचं. जुना संकेत नऊ वेळा वाफ आणि नऊ वेळा ऊन असा. आपल्याकडे बिब्बा शुद्ध केल्याशिवाय वैद्य पोटात देत नाही, तसंच. संस्कारानंतर रेचक गुण बराच उतरतो, रसायनांचं प्रमाण बदलतं, रंग लालसर तपकिरीवरून जवळजवळ काळा होतो.

मी एकदा हाँगकाँगला परिषदेला गेलो होतो, तेव्हा औषधांच्या एका जुन्या दुकानात या दोन्हींच्या चकत्या हातात घेऊन पाहिल्या. कच्च्या चकतीवर मधल्या गाभ्याभोवती छोटी छोटी गोल वर्तुळं दिसतात, ढग दाटून आल्यासारखी. तिथले लोक त्याला ढगांचं नक्षीकाम म्हणतात आणि खऱ्या मालाची खूण मानतात. संस्कारित चकती काळी, चकचकीत, मोडल्यावर काचेसारखी तुटणारी. दुकानदारानं मला एक तुकडा चघळायला दिला. आधी किंचित गोड, मग तुरट, मागून कडू.

आता ही चकती दळून कॅप्सूलमध्ये भरली की ढगही गेले आणि चकाकीही गेली. आत कच्चं आहे की संस्कारित, नऊ वेळा वाफवलंय की एकदाच, हे ना तुमच्या मुलाला कळणार ना मला. पुष्कळ बाटल्यांवर नुसतं ‘अर्क, १० पट’ एवढंच असतं. पाण्यात उकळून काढलेला काढा आणि अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क यांतून उतरणारी रसायनंही सारखी नसतात. म्हणजे जे हजार वर्षं वापरात होतं ते हेच, असं आपण म्हणूच शकत नाही.

भेसळीचं वेगळंच. या मुळाच्या नावाखाली ज्या इतर गोष्टी खपवल्या जातात त्यात एक आपल्या ओळखीची आहे. कोकणात आपण उकडून खातो ते करांदे. त्याच जातीचा कंद चीनमध्ये ‘पिवळं औषध’ म्हणून विकला जातो आणि त्याचे काप हे शौ वू म्हणून मिसळले जातात. आपल्या आज्या कडू करांदे चिरून, पाणी बदलत, राखेत किंवा मिठात उकडून मगच ताटात वाढायच्या, ते उगीच नाही. त्या कडूपणातलं रसायन यकृताला विषारी आहे. चिनी बाजारात माणसाच्या आकाराचं हे शौ वू फार शुभ मानतात, म्हणून साचे लावून तसे आकारही ‘उगवतात’.

फायद्यांकडे येतो. मुळात स्टिल्बीन वर्गातलं एक रसायन आहे, ते ऑक्सिडेशन रोखतं. उंदरांत केसांची मुळं जागी झाल्याची, रंगद्रव्य वाढल्याची, चरबी उतरल्याची निरीक्षणं आहेत. प्रयोगशाळेत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा परिणामही दिसतो. पण माणसांवर नीट केलेला, खरी गोळी आणि खोटी गोळी अशी तुलना करून पांढरे केस काळे झाल्याचं दाखवणारा भक्कम अभ्यास माझ्या वाचनात आलेला नाही, आणि मी बराच शोधला आहे. कोलेस्टेरॉलचंही तेच. तुमची अॅटोर्वास्टॅटिन हृदयविकाराचा झटका टाळते याला हजारो माणसांवरचे पुरावे आहेत. उंदरांच्या भरवशावर ती सोडू नका. पोट साफ होणं हा मात्र खरा परिणाम आहे. मुलगा ‘अंग हलकं वाटतं’ म्हणत असेल तर बहुधा त्यामुळेच.

चिनी वैद्यावरही अन्याय नको. चांगला वैद्य हे मूळ एकटं क्वचितच देतो. नाडी पाहून, जीभ पाहून, विशिष्ट प्रकृतीच्या माणसाला, इतर पाच-सात वनस्पतींबरोबर, ठरावीक मुदतीपुरतं देतो. चीनच्या औषधकोशात संस्कारित मुळाची मात्रा रोज ६ ते १२ ग्रॅम आणि कच्च्याची ३ ते ६ ग्रॅम आहे. पोट सैल असलेल्याला तर तो देणारच नाही. सहकाऱ्यानं नाव सांगायचं आणि आपण वर्षभराच्या बाटल्या भरायच्या, ही पद्धत त्या शास्त्रातली नाही. (गंमत म्हणजे आपला माका त्यांच्याकडेही केसांसाठीच वापरतात, दोन औषधांच्या एका जुन्या गोळीत.)

आता माझ्या खात्यातली गोष्ट. यकृत.

सहा-सात वर्षांपूर्वी बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशीतल्या एक बाई आल्या. तीन आठवडे भूक नव्हती, फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळायचं, मग लघवी कोऱ्या चहासारखी झाली. डोळे पिवळे. काविळीचं रंगद्रव्य बिलिरुबिन ९ च्या वर आणि एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढतो तो) हजाराच्या पुढे, जो निरोगी माणसात साधारण ४० च्या आत असतो. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह. सोनोग्राफीत खडा नाही. दारूचा थेंब नाही. औषधं कोणती, विचारलं तर ‘काहीच नाही’. दुसऱ्यांदा विचारलं, तरी काहीच नाही. तिसऱ्यांदा मी प्रश्न बदलला, ‘केसांसाठी, वजनासाठी, त्वचेसाठी, ताकदीसाठी काही?’ त्यांनी पर्समधून एक गडद बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘हे औषध थोडंच आहे डॉक्टर, हे तर हर्बल.’ सहा आठवड्यांपासून रोज दोन. बंद केल्यावर एसजीपीटी दोन महिन्यांत उतरला, कावीळ त्याआधीच. त्या सुखरूप सुटल्या.

पुढचं सांगायला जरा लाज वाटते. वर्षभरानं त्या पुन्हा आल्या. केस परत पांढरे दिसायला लागले म्हणून ‘दुसऱ्या कंपनीचं, शुद्ध’ आणलं होतं. या वेळी सहा आठवडे नाही, आठच दिवस लागले, आणि या वेळी रक्त गोठण्याची तपासणीही बिघडली. दहा दिवस दवाखान्यात. पहिल्या वेळी निघताना मी ‘हे बंद करा’ म्हणालो होतो, ‘हे वनस्पतीचं नाव लिहून ठेवा, कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही नावाचं पुन्हा कधीच नाही’ असं म्हणालो नव्हतो. तेव्हापासून मी नाव चिठ्ठीवर लिहून देतो, मराठीत, ठळक.

ही एकट्या माझ्या रुग्णाची कहाणी नाही. हाँगकाँगच्या संशोधकांनी १९९६ मध्येच या मुळाच्या गोळ्यांमुळे झालेल्या हिपॅटायटिसची नोंद केली होती. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २००६ मध्ये लोकांना सावध केलं. खुद्द चीनच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१४ मध्ये आरोग्यपूरक उत्पादनांसाठी मर्यादा घातली : कच्चं मूळ रोज दीड ग्रॅमपेक्षा आणि संस्कारित ३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. यकृताचा आजार असलेल्यांनी किंवा घराण्यात तो असलेल्यांनी घेऊ नये अशी सूचना वेष्टनावर हवी, हेही तेव्हाच आलं. ज्या देशाचं हे औषध, त्या देशानं लिहिलेली ही सूचना ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या किती बाटल्यांवर दिसते ते तुम्हीच पाहा.

मग सिंगापूर-चीनमध्ये लाखो लोक घेतात, त्या सगळ्यांना कावीळ का होत नाही? तिथेच खरी मेख आहे. हा सरळ विषबाधेचा प्रकार नाही, की जास्त घेतलं तर त्रास आणि कमी घेतलं तर नाही. बहुतेकांना काहीच होत नाही आणि मोजक्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्या रसायनाला शत्रू समजून यकृताच्या पेशींवर तुटून पडते. ते मोजके कोण, याचा एक धागा २०१९ मध्ये चिनी संशोधकांना सापडला. या मुळामुळे यकृत बिघडलेल्या रुग्णांत एचएलए-बी ३५:०१ नावाचा जनुकीय प्रकार सुमारे ४५ टक्के लोकांत निघाला. चीनमधल्या बहुसंख्य हान समाजात तो ३ टक्क्यांहूनही कमी आहे. हा प्रकार आपल्याकडेही आढळतो. तो असलेल्या प्रत्येकालाच कावीळ होते असं नाही, नसलेले सगळे सुरक्षित असंही नाही, आणि तो आहे की नाही हे कुणी बाटली घेण्याआधी तपासत नाही. त्यामुळे ‘सहकाऱ्याला दोन वर्षं काही झालं नाही’ या वाक्याचा तुमच्या मुलासाठी काडीचाही उपयोग नाही. सहकाऱ्याचे जनुक सहकाऱ्याजवळ.

हाच जनुकीय प्रकार हिरव्या चहाच्या अर्कानं यकृत बिघडलेल्यांतही पुढे आला. आणि अमेरिकेतल्या हळदीच्या रुग्णांतही. तिथल्या एका नोंदवहीत हळदीच्या पूरकांमुळे बिघडलेले १० रुग्ण होते, त्यातल्या ७ जणांत हा प्रकार निघाला. लगेच फोडणीतली हळद बंद करू नका. चिमूटभर हळद आणि शोषण वाढवण्यासाठी मिरीचं सत्त्व घातलेली कॅप्सूल यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीचा काढा घेणाऱ्या ६ जणांच्या यकृतदाहाची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा किती वादंग झालं ते आठवत असेल. तेव्हाही ‘आपलं ते चांगलं’ आणि ‘चिनी ते वाईट’ असं कुणी म्हणू नये, एवढंच मला वाटलं होतं. यकृताला औषधाचा पासपोर्ट दिसत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. अॅटोर्वास्टॅटिननं काही जणांचा एसजीपीटी थोडा वाढतो, बहुतेकदा निरुपद्रवी. पण सोबत हे मूळ चालू असेल आणि आकडा वाढला, तर दोष कुणाचा हे आम्हाला कळत नाही. मग सावधगिरी म्हणून दोन्ही बंद करावी लागतात आणि हृदयाला गरज असलेली गोळी विनाकारण सुटते. ज्यांना क्षयरोगाची औषधं चालू आहेत, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आहे, फॅटी लिव्हर आहे, हिपॅटायटिस बी आहे, त्यांनी तर या बाटलीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्यांनीही नाही. जुलाब होत राहिले तर पोटॅशियम उतरतं. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल तर दुप्पट. तुमची गोळी कोणती ते चिठ्ठीवर बघा.

मुलाच्या केसांचं काय? आपल्या लोकांत २५ वर्षांच्या आत केस पांढरे होऊ लागले तर ते अकाली मानतात. बहुतेक वेळा ते घराण्यात असतं. त्याच्या वडिलांचे किंवा मामाचे कधी पांढरे झाले ते आठवून पाहा. पण बी-१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड मात्र तपासून घ्यावं. शाकाहारी घरात, त्यात परदेशी एकटा राहून रोज नूडल्सवर भागवणाऱ्या मुलात बी-१२ कमी निघणं मी रोज पाहतो. ते भरून काढल्यावर काही जणांचे केस थोडे परत काळे होतात, तेही नक्की नाही. सिगारेटचा आणि अकाली पांढऱ्या केसांचा संबंध दिसतो, तो ओढत असेल तर तिथून सुरुवात. आणि नाहीच काही निघालं तर न्हाव्याकडे जाऊन रंग लावून घ्यायला काय हरकत आहे? अॅलर्जीसाठी आधी कानामागे थेंब लावून दोन दिवस पाहायचं. माझ्या स्वतःच्या मिशा गेली दहा वर्षं अशाच काळ्या आहेत.

तपासणीचं. मुलानं दोन महिने घेतलंय, म्हणजे त्रास सुरू व्हायचा जो नेहमीचा काळ, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत, त्यात तो अगदी मधोमध आहे. त्यानं या आठवड्यातच एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करून घ्यावी. सगळं ठीक निघालं तर कॅप्सूल बंद ठेवून चार आठवड्यांनी एकदा पुन्हा, बस्स. एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीवर आणि सोबत बिलिरुबिनही दुपटीवर असेल तर त्याच दिवशी तिथल्या रुग्णालयात जावं. हे दोन्ही एकत्र वाढलेल्यांत साधारण दहातला एक जण दगावतो किंवा त्याला यकृत बदलावं लागतं, हा औषधांच्या काविळीतला जुना ठोकताळा आहे. आकड्यांची वाट न पाहता जायचं ते लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना उडाली, किंवा झोपेचं तंत्र बिघडून तो असंबद्ध बोलायला लागला तर. आणि ‘काविळीची माळ’, कुणाचा पानाचा रस, यकृताचं टॉनिक, यातलं काही मध्ये घुसवू नका. एका झाडपाल्यानं बिघडलेल्या यकृताला दुसऱ्यानं सावरायला गेलं की मला दोन चोर शोधावे लागतात.

डॉक्टरांना बाटली दाखवायला सांगा, नुसतं नाव नको. रिपोर्ट आले की मलाही कळवा आणि बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, जिथे बारीक अक्षरात घटक आणि मिलिग्रॅम लिहिलेले असतात. पुढच्या बाजूचा नको, तिथे नुसता काळ्याभोर दाढीचा म्हातारा असतो.